तीन बदाम

माझ्या मामाला सगळे ‘पुतळा’ म्हणत. घरात मात्र हे नाव काढायची सोय नव्हती. मामी लगेच म्हणायची, “पुतळ्याला निदान जेवायला वाढावं लागत नाही.”

मामा घड्याळजी होता. अरुंद दुकान आणि मागे राहायची एक खोली. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की तो श्वास घेतोय की नाही, तेही कळायचं नाही. लाकडाच्या वखारीमागे एका खोलीत दुपारी व्यापारी पत्ते खेळायला जमत. त्यातल्या एकाचं दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायला मामा गेला. डावाला एक माणूस कमी होता म्हणून टेकला, तो मग तिथलाच झाला.

हातात एक्के येवोत की फालतू पत्ते, त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. एकदा त्याने चक्क दुकान डावावर लावलं. हातात काही म्हणजे काही नव्हतं. समोरच्याने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाम पुसत पत्ते टाकून दिले. मामा घरी आला, पोटभर जेवला आणि घोरायला लागला. मामीला सगळं कळलं ते शेजारणीकडून.

“दुकान लावलंत?”

“गेलं का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

त्यानंतर लोक लांबून लांबून यायला लागले. पुतळ्याशी खेळून हरलो, हे सांगण्यातही त्यांना मोठेपणा वाटायचा. त्यांच्यात कागदगिरणीचा एक मालक होता. हसरा, मोकळा माणूस, खेळात अगदी कच्चा. चांगले पत्ते आले की त्याचे कान लाल व्हायचे. मामा आठवड्यामागून आठवडे त्याच्याशी खेळत राहिला. देणी भागवायला गिरणी विकली गेली, आणि शेवटी त्या भल्या माणसाने राहतं घर लावलं.

किल्ल्या द्यायला त्याची बायको दुकानात आली. मी तेव्हा मामीकडे राहायला आले होते. बाईंनी जुडगा काचेवर ठेवला, कुठली किल्ली कशाची ते नीट समजावलं. “मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते,” एवढं सांगून त्या गेल्या.

मामी आतून बाहेर आली. “परत द्या. आत्ताच्या आत्ता. अजून फार लांब गेली नसेल ती.”

“मी चोरलं नाही. तो हरलाय.”

“त्या घरात मी पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते.”

“नको टाकूस.”

दोघंही शब्दाला पक्के निघाले. मामा ट्रंक घेऊन मोठ्या घरात राहायला गेला. मामी मागच्या खोलीतच राहिली. दुकानात तिने शिलाई मशीन मांडलं आणि लोकांचे कपडे शिवून पोट भरू लागली.

गिरणीवाल्याने पुढच्या वर्षी भाड्याच्या खोलीत जीव दिला. बातमी वखारीत आली तेव्हा मामा पत्ते पिसत होता. हात जरासा थांबला म्हणतात; मग त्याने पत्ते वाटायला घेतले. यामुळे त्याचा दरारा वाढलाच. माणसं कशाकशाचं कौतुक करतात!

मी अधूनमधून त्याला भेटायला जायचे. एवढ्या मोठ्या घरात तो स्वयंपाकघर आणि शेजारची खोली एवढंच वापरायचा. एका दाराच्या चौकटीवर गिरणीवाल्याच्या पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या, पेन्सिलीने केलेल्या.

“पुसून का टाकत नाहीस?” मी विचारलं.

“माझ्या नाहीत त्या,” मामा म्हणाला.

त्याच दिवशी त्याने माझ्यासाठी चहा ओतला तो अर्धा बशीबाहेर. मी हट्टाने त्याला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू होता, आणि फार उशीर झाला होता. बाहेर पडल्यावर त्याने माझा दंड घट्ट धरला. “मामीला सांगायचं नाही. वखारीत तर मुळीच नाही.”

पुढचं मला वखारवाल्याने सांगितलं. त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी मामासमोर एक तरुण कंत्राटदार होता. डाव चढत गेला. मामाने होता तो सगळा पैसा लावला, घर लावलं, मग दुकानही लावलं. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने पत्ते उघडे केले आणि म्हणाला, “तिन्ही बदाम.”

दोन बदामाचे होते, तिसरा चौकटचा. कंत्राटदाराला वाटलं, यात काहीतरी चाल आहे. मामा पैसे ओढायला हात पुढे करून बसला होता, आणि त्याचा हात भलत्याच बाजूला चाचपडत होता. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. वखारवाला हळूच म्हणाला, “पुतळ्या, चौकट आहे ती.”

मामाने हात मागे घेतला. “बरं,” म्हणाला.

“अरे, दिसत नव्हतं तर सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर कोणी पत्ते वाटले असते मला?”

तो भिंतीला धरत धरत मामीच्या दारात आला. दुकान गेल्याचं तिला तिथेच कळलं. तिने शिव्या दिल्या नाहीत. मशीनवर झाकण घातलं, दोन बोचकी बांधली आणि त्याचा हात धरून निघाली. गल्लीच्या टोकाला मिळालेल्या एका खोलीत ती त्याच्या मरणापर्यंत शिवत राहिली. तो भिंतीशी बसलेला असायचा. जुने लोक यायचे, दुकान लावलेला तो डाव ऐकायला मागायचे. तो तोंड फिरवायचा. घराविषयी त्याने अवाक्षर काढलं नाही.

तो गेल्यावर गिरणीवाल्याची बायको आली. केस पूर्ण पांढरे झाले होते. बाईंनी पिशवी पायाशी ठेवली आणि विचारलं, “आमच्या ह्यांचं नाव कधी काढलं का हो त्यांनी?”

मामीला खोटं बोलता आलं असतं.

“नाही,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि पिशवी उचलली. मामी चपला घालून त्यांना बसपर्यंत सोडायला गेली.