पाणक्यानं जिंकलेला घाट

कागदोपत्री त्याला नाव होतं, पण सायकल शर्यतींच्या जगात ते कोणी घेत नसे. सगळे त्याला पाणक्या म्हणत. त्यात हिणवण्याचा भाग नव्हता. कामच ते होतं. ऊन चढलं आणि संघाच्या कप्तानाला तहान लागली, की पाणक्यानं वेग कमी करून मागे पडायचं, संघाच्या मोटारीच्या खिडकीशी सायकल आणायची, आतून मिळतील तेवढ्या बाटल्या जर्सीत पाठीशी, पोटाशी, मानेमागे कोंबायच्या आणि भरल्या पोत्यासारखं होऊन धापा टाकत पुन्हा पुढचा घोळका गाठायचा. बाटल्या वाटून झाल्या, की कप्तानाच्या पुढे राहून वारा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. शेवटचा घाट लागला, की याची सुटका. कप्तान पुढे निघून जाई, फोटो त्याचे निघत, आणि पाणक्या बऱ्याच वेळानं, लोक घरी निघालेले असताना, शर्यतीची शेवटची रेघ ओलांडून सरळ बसमध्ये जाऊन आडवा होई.

त्याला त्याचं वाईट वाटत नसे. "सगळेच नवरदेव झाले तर वरातीत चालायचं कोणी?" असं तो बायकोला म्हणे. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती म्हणे, "चाल बाबा वरातीत, पण हाडं शाबूत ठेवून घरी ये."

वाईट वाटायचं ते दादाला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो स्वतः एके काळी शर्यती मारायचा. गुडघा कामातून गेला आणि त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकट्याला पहिली सायकल त्यानंच बांधून दिली होती. टीव्हीवर शर्यत लागली, की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून दादा पडद्यासमोर बसे, आणि घोळक्यात कुठेतरी धाकट्याची पाठ दिसली, की बोट दाखवून म्हणे, "तो बघा. तो आमचा." गिऱ्हाइकाला काही दिसायच्या आत पाठ नाहीशी झालेली असे.

संघ एका गाद्यांच्या कंपनीचा होता. जर्सीच्या छातीवर भलीमोठी उशी छापलेली. दुसऱ्या संघातली पोरं घाटात शेजारून जाताना विचारत, "काय रे, झोपायला निघालात का?" पाणक्याही मग जांभई देऊन दाखवी. कंपनीचा मालक वर्षातून एकदा सरावाच्या ठिकाणी येई, प्रत्येकाला मिठी मारी, आणि घरी नेऊन टाका म्हणून एकेक गादी देई.

आणि मग त्या मोठ्या शर्यतीत, डोंगरातल्या दिवशी, कप्तानाचं पोट बिघडलं. सकाळी तो पांढराफटक पडला होता. व्यवस्थापकानं कानातल्या यंत्रावर सगळ्यांना सांगितलं, "आज आपलं काही खरं नाही. कोणाला पुढे सुटायचं असेल तर सुटा." बोलून झालं आणि त्यानं मोटारीत पाव खायला घेतला. पाणक्या सुटला. का सुटला ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. वाहायला बाटल्या नाहीत, आडोसा द्यायला कप्तान नाही, हात रिकामे, एवढंच. त्याच्याबरोबर सुटलेले एकेक करून गळाले. घाट सुरू झाला तेव्हा तो एकटा होता. मागून दमदार गडी येत होते, पण अंतर काही तुटेना. त्या दिवशी पाय त्याचे नव्हतेच. कोणी दुसऱ्यानंच आणून जोडल्यासारखे ते फिरत होते, आणि तो वरून नुसता बघत होता. माथ्यावर रेघ ओलांडल्यावर हात वर करायचे असतात हेही त्याला सुचलं नाही. त्यानं सवयीनं मागे वळून पाहिलं, कोणाला पाणी हवंय का म्हणून.

दादाला फोन लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग वहिनीनं फोन घेतला. "ते बोलू शकत नाहीयेत," ती म्हणाली. "दुकानात सगळ्यांच्या गळ्यात पडून रडतायत. त्या पोस्टमनच्यासुद्धा."

त्या घाटाचा फोटो दादानं मोठा करून दुकानात लावला. पाणक्याला रस्त्यात लोक ओळखू लागले. लेक शाळेत सांगू लागली, माझे बाबा डोंगर जिंकले.

पुढच्या हंगामात कप्तानाच्या लघवीत नको ते सापडलं.

सुरुवातीला कप्तान म्हणाला, काहीतरी चूक आहे. दुसरा नमुना तपासला, तोही तसाच निघाला. मग पोलीस आले. पाणक्या तेव्हा बसच्या पायरीवर बसून बूट काढत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी बसमधला फ्रीज आहे तसा उचलून नेला, आतल्या दह्याच्या डब्यांसकट. संघाचा डॉक्टर त्या दिवसापासून जो गायब झाला तो झालाच. वर्तमानपत्रांत रोज नवीन काहीतरी यायचं, आणि प्रत्येक बातमीबरोबर त्याच उशीवाल्या जर्सीतला घोळका छापलेला असायचा. गादीवाल्यांनी अंग काढून घेतलं. मिठ्या मारणारा मालक टीव्हीवर म्हणाला, "आमचा विश्वासघात झाला," आणि त्या आठवड्यात पगार थांबले. व्यवस्थापकानं नवीन कंपनी शोधायचा आटापिटा केला. एक रंगवाले येऊन बोलून गेले, एक विमावाले तर हॉटेलात सगळ्यांबरोबर जेवलेसुद्धा. पण पुन्हा फोन कोणाचाच आला नाही. शेवटी एक दिवस टेंपो आला आणि सगळ्या सायकली भरून घेऊन गेला. कंपनीच्याच होत्या त्या. सायकलस्वार फाटकात उभे राहून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "गाद्या परत मागितल्या नाहीत, नशीब." कोणी हसलं नाही.

कोवळ्या पोरांना दुसऱ्या संघांनी उचललं. पाणक्यानं एका जुन्या ओळखीच्या व्यवस्थापकाला फोन केला. तो भला माणूस होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"तू बाटल्या वाहिल्यास त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही रे," तो म्हणाला. "तो घाट नडतोय. तो घाट जिंकला नसतास तर उद्या घेतलं असतं तुला. आता तुला घेतलं, की पत्रकार पहिला प्रश्न तोच विचारणार. माझे पैसेवाले आधीच बिचकलेत."

"मी काहीही घेतलेलं नाही."

"अरे, मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

एका वर्तमानपत्रानं त्याच्यावर लिहिलं, पण नाव घेऊन आरोप केला नव्हता. एवढंच लिहिलं होतं, की जन्मभर बाटल्या वाहणारा माणूस एका दुपारी अख्ख्या जगाला मागे टाकतो, यावर ज्याचा विश्वास बसेल त्याचा बसो. पाणक्यानं ते वाचलं आणि त्याला राग यायच्या ऐवजी वाटलं, की हे आपणही दुसऱ्याबद्दल वाचलं असतं तर मान डोलावली असती.

तरीही तो तग धरून होता, दादानं विचारेपर्यंत. रविवार होता, दुकान बंद होतं. दादा चाकाच्या तारा आवळत होता, मान खाली घालून.

"एकदाच विचारतो," दादा म्हणाला. "पुन्हा नाही विचारणार. खरं सांग. काही असलं तरी तू माझा भाऊच आहेस."

जगानं विचारलं होतं ते वेगळं. "नाही, दादा," तो म्हणाला. "सुईसुद्धा टोचून घेतली नाही कधी."

"झालं तर मग," दादा म्हणाला. पण त्याचा हात थांबला होता, आणि तो थांबलेला हात पाणक्यानं पाहिला.

घरी जाताना मात्र त्याच्या मनात भलतंच काही आलं. सुई नाही, गोळी नाही, हे खरं. पण बाटल्या? जे हातात आलं ते तो वर्षानुवर्षं पीत आला होता. बाटल्या भरायचे मामा. मामा म्हणजे संघाचे मालिशवाले, सगळ्यांचेच मामा, शर्यत संपल्यावर पाय चोळून देताना घरचं विचारणारे. भुकट्या डॉक्टरच्या, पाणी मामांचं. पाणक्याची त्या रात्रीची झोप उडाली, आणि सकाळी तो पहिल्या गाडीनं मामांच्या घरी गेला.

मामा बहिणीकडे राहत होते. मागच्या छोट्या खोलीत, खिडकीपाशी, हात मांडीवर ठेवून बसलेले. पोलिसांनी त्यांनाही बऱ्याच वेळा बोलावलं होतं. त्याला पाहून ते उठले, आणि उठता उठताच रडायला लागले.

"मामा, मला एवढंच सांगा," पाणक्या म्हणाला. "घाटाच्या दिवशी माझ्या बाटलीत काय होतं?"

मामा पुन्हा खाली बसले.

"डॉक्टर कप्तानाच्या बाटल्या वेगळ्या तयार करायचा," ते म्हणाले. "आत काय असतं ते मी विचारलं नाही. ताकदीचं आहे, एवढंच म्हणायचा. त्या दिवशी कप्तानाला काही पोटात ठरत नव्हतं. त्याच्या बाटल्या तशाच पडून होत्या, पेटीत, बाकीच्यांबरोबर. आणि तू अचानक सुटलास. मोटारीतून ओरडले, पाणक्याला बाटली द्या, पाणक्याला बाटली द्या. मी घाटाच्या वळणावर उभा होतो. हाताला आली ती दिली."

"कोणती दिलीत?"

"तेच तर आठवत नाही रे."

"आठवा ना, मामा."

"रोज आठवतो," मामा म्हणाले. "कधी वाटतं साधी होती. कधी वाटतं ती होती. तू येशील म्हणून धास्ती घेऊन बसलो होतो. खोटं बोललो असतो, साधी होती म्हणून, तर तू सुखानं गेला असतास. पण तू डोळ्यांत बघून विचारलंस." त्यांनी पाणक्याचा हात धरला, आणि सवयीनं अंगठ्यानं मनगट दाबू लागले. पाणक्यानं तो सोडवून घेतला नाही. बहिणीनं आणलेली कॉफी दोघांच्याही समोर गार झाली.

मग त्यानं एकच मार्ग उरला होता तो धरून पाहिला. उत्तेजकं तपासणाऱ्यांच्या कचेरीत तो आपण होऊन गेला. घाट जिंकल्यावर त्याची तपासणी झाली होतीच, नियमच तसा होता. समोरची बाई तरुण होती, वागायला चांगली होती. तिनं संगणकात पाहिलं.

"तुमचा अहवाल स्वच्छ होता," ती म्हणाली.

"कप्तानाचेही किती तरी अहवाल स्वच्छ होते," पाणक्या म्हणाला. "नवीन यंत्रावर सापडलं ते. माझंही नवीन यंत्रावर बघा."

"तुमचा नमुना आता ठेवलेला नाही. मुदत संपली की काढून टाकतात."

"मग मला कसं कळणार?"

तिला प्रश्न कळला नाही. "पण तुमच्यावर आरोपच नाही," ती म्हणाली. "तुम्ही निर्दोष ठरायला आधी आरोप हवा ना?" बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं, कारण ती दारापर्यंत सोडायला आली.

त्यानं दादाला सगळं सांगितलं. न सांगताही चाललं असतं, कारण दादानं पुन्हा विचारलं नव्हतं. पण पोटात ठेववेना. दादानं मामांचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू घेतलं नाहीस," दादा म्हणाला.

"मी घेतलं नाही. पण गेलं असेल पोटात. किंवा नसेल. मला माहीत नाही, दादा. कधीच कळणार नाही."

दादा हो किंवा नाही, दोन्हीसाठी तयार होऊन बसला होता. याचं काय करायचं ते त्याला समजेना. "तुझेच पाय होते ते," तो म्हणाला, पण ते विचारल्यासारखं निघालं. नंतर पाणक्या दुकानात गेला तेव्हा फोटोच्या जागी टायरांचा दरफलक होता. कोणी काढला, कधी काढला, दोघांपैकी कोणीच बोललं नाही. दादानं दुकानात ये म्हणून बोलावलं होतं. पाणक्या म्हणाला, बघू. गिऱ्हाइकं घाटाबद्दल विचारतील, हे दोघांनाही दिसत होतं.

त्याला एका गोदामात काम मिळालं. खोकी उतरवायची, चढवायची. तिथे त्याला कोणी पाणक्या म्हणत नसे. कोणाला माहीतच नव्हतं. सायकलस्वारांच्या रीतीप्रमाणे वर्षानुवर्षं वस्तरा फिरवून गुळगुळीत ठेवलेल्या पायांवर केस वाढू लागले. बायकोनं ते पाहिले आणि पांघरूण ओढून दिलं. घरी होती ती स्वतःची सायकल त्यानं विकली. बायको म्हणे, "जरा फिरून येत जा, मोकळं वाटेल." तो हो म्हणे आणि टीव्हीसमोर बसून राही. टीव्हीवर शर्यत लागली, की उठून आत जाई. एकदा ती चिडून म्हणाली, "तू मेला नाहीयेस अजून." तो म्हणाला, "माहीत आहे." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. तिनं त्यानंतर तो विषय सोडला.

लेक मोठी होत होती. तिला सायकलचं वेड नव्हतं, पण पळायची वाऱ्यासारखी. एका दुपारी तो कामावरून लवकर आला होता, स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. दार धाडकन उघडलं. लेक आत आली, लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, गळ्यात स्वस्तातलं पदक.

"बाबा! पहिली आले! वरच्या वर्गातल्या मुलींनासुद्धा मागे टाकलं! सर म्हणाले, एवढी कधी पळत नव्हतीस, आज काय झालं तुला?"

पाणक्यानं सुरी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पळायच्या आधी कोणी काही प्यायला दिलं होतं का?"

लेक गोंधळली. "पाणी," ती म्हणाली. "सरांनी दिलं. का?"

बायको दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आधी कधीच पाहिलं नव्हतं. पोलीस आले तेव्हाही नाही, पगार थांबला तेव्हाही नाही. तिनं लेकीला जवळ ओढलं, पदकाकडे वाकून बघितलं, म्हणाली, "दाखव बरं नीट. केवढं छान आहे," आणि तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. लेक बाहेर काहीतरी विचारत होती. बायको हलक्या आवाजात तिला काहीतरी सांगत होती. पाणक्यानं कान दिला, पण शब्द पोचले नाहीत. त्यानं अर्धवट सोललेला बटाटा हातात घेतला आणि तसाच बसून राहिला.