मावशीच्या गाड्यावरचं औषध

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बऱ्याच प्रकरणांचे तपशील पुसट झाले. ही एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

तेव्हा माझी नेमणूक वणी पोलीस ठाण्यात होती. कोळशाचे ट्रक चंद्रपूरकडे वळतात त्या नाक्यावर एका विधवा बाईचा चहा आणि तर्री-पोह्यांचा गाडा होता. सगळे तिला मावशी म्हणत. वीस रुपयांत पोटभर पोहे, वर तर्री पाहिजे तितकी आणि बसायला मनाई नाही. गाड्यामागच्या फळीवर चार जण रोज सकाळी बसायचे. पाचवा होता एसटीतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा एक चालक.

एका सकाळी तो चालक तिथंच चहा पिऊन कोसळला. समोरच्याच दवाखान्यात नेलं, तोवर संपला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदनात विषाची शंका आली, म्हणून व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवला. त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला : "मावशीच्या गाड्याखाली औषधाची बाटली राहते. पाहून घ्या."

आमच्या भागात 'औषध' म्हणजे गोळीही आणि कपाशीवर फवारायचं विषही. पंचांसमक्ष झडती घेतली. बाटली सापडली. आदल्या दिवशी मावशीचं आणि चालकाचं भांडण झाल्याचंही साक्षीदारांनी सांगितलं. मावशीला अटक झाली, न्यायालयानं पोलीस कोठडी दिली.

"झुरळाचं औषध हाये साहेब. मी कोणाले कायले मारू?" ती म्हणाली. "त्या चौघायले इचारा. माझे लोक हायेत ते. मले बुडू नाही देनार."

चौघांचे जबाब आधीच झाले होते. चौघांचंही एकच उत्तर : आम्हाला काही माहीत नाही.

मला तो फोन खटकत होता. समोर उभ्या गिऱ्हाइकाला ती बाटली दिसत नव्हती. मी स्वतः तिथं उभा राहून पाहिलं. ती फक्त मागच्या फळीवरून दिसायची. चौघांना पुन्हा बोलावलं, वेगवेगळं बसवलं. तिघांनी आधीचाच जबाब पुन्हा सांगितला. चौथा पानठेलेवाला. त्याला मी एवढंच विचारलं, "फोन काहून केला?"

त्याचा चेहरा उतरला. "साहेब, त्यानं सांगतलं होतं आमाले."

"काय?"

"आला तसाच म्हणे, 'आज औषध घेऊन आलो गड्या हो.' मी म्हटलं, काहून बे, शुगर वाढली काय? तो म्हणे, 'हव, आता कायमची उतरते.' आमी सारे हासलो. तोबी हासला."

"मग?"

"मंग मावशीले आवाज देला, याले चहा दे, बिनसाखरेचा, डाक्टरची मनाई हाये. पुन्हा हासलो." तो रडायला लागला. "लोक म्हनले असते, त्यानं सांगतलं अन् तुमी हासत बसले. म्हनून फोन केला साहेब."

चालक ज्या वाटेनं आला होता ती वाट पानठेलेवाल्यानं दाखवली. बस स्टँडच्या भिंतीमागे फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा मिळाला. कृषी केंद्रवाल्यानं चालकाचा फोटो ओळखला. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच डब्यातलं विष पोटात निघालं; गाड्याखालच्या बाटलीशी त्याचा संबंध नव्हता. मावशीला सोडण्याचा अहवाल आम्ही न्यायालयात दिला. खोटी माहिती दिल्याबद्दल पानठेलेवाल्यावर कारवाई केली. बाकी तिघांचा खोटा जबाब नोंदीत राहिला. हसण्याला मात्र कोणतंही कलम लागत नाही. चालकानं असं का केलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौघांपैकी एकालाही त्याच्या घरातलं काही सांगता आलं नाही. रोजचे सोबती!

मावशीनं गाडा पुन्हा लावलाच नाही. जप्त भांडी न्यायला ती ठाण्यात आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. भट्टीच्या आवाजात त्या दिवशी तिला चहाची हाक तेवढी ऐकू आली होती, त्याआधीचं बोलणं नाही. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मले बुडवलं ते सोडा साहेब. पन एकानं तरी म्हनायचं होतं, मावशी, हा काय म्हनते आयक. मी ओळखलं असतं. दवाखाना समोरच हाये."

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. माणसं खरं लपवतात, असं आम्हाला शिकवलं होतं. या प्रकरणानं मला उलटं शिकवलं. त्या माणसानं काहीच लपवलं नव्हतं. भर सकाळी, भरल्या गाड्यावर, आपल्या माणसांना त्यानं शुद्ध मराठीत सांगितलं होतं. आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.