डुकराचा रुपया आणि राजाचे बिल्ले

माझ्या संग्रहातला पहिला बिल्ला मी खोटे बोलून वाचवला.

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही किहीमला राहत होतो आणि वडील मांडव्याच्या धक्क्यावर जकातीचे कारकून होते. विलायतेचा युवराज हिंदुस्थानात आला होता. त्याच्या येण्याची आठवण म्हणून शाळेत प्रत्येक मुलाला सरकारकडून एक पितळी बिल्ला मिळाला, वर रंगीत फीत लावलेला. शाळेत आम्ही मुली चारच. आम्ही ते बिल्ले झग्यावर लावून वाडीवाडीतून मिरवत घरी आलो.

घरी थोरला भाऊ होता. मुंबईचे कॉलेज सोडून, विलायती कोट होळीत टाकून तो नुकताच परत आला होता. तो रागावला नाही. त्याने मला ओटीवर बसवून सगळे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाला की हा बिल्ला तू आपल्या हाताने समुद्रात टाकून ये. मला त्याचे म्हणणे पटले होते. पण बिल्ला इतका चकचकीत होता की हात धजेना. मी सुरूच्या झाडांपलीकडे गेले, एक मोठा शिंपला उचलला आणि भावाला लांबून दिसेल असा जोराने लाटेत भिरकावला. परत आल्यावर त्याने माझी पाठ थोपटली. ती थाप मला फार लागली.

दोन दिवस मी नीट जेवले नाही. मग वडिलांना खरे सांगून टाकले. ते हसले आणि भावाला काही बोलले नाहीत. त्यांनी आपली लिहिण्याची पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेल्या दोन वस्तू माझ्या हातावर ठेवल्या. एक होते दिल्लीच्या दरबाराचे पदक. दुसरा होता एक रुपया.

त्या रुपयाची गोष्ट त्यांनीच सांगितली. दरबाराच्या वर्षी नव्या बादशहाचा रुपया निघाला. त्यात बादशहाच्या झग्यावर एक लहानसा हत्ती होता. पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटले. बाजारात गवगवा झाला. मुसलमान म्हणाले हा आमचा अपमान, हिंदूही नाक मुरडू लागले. सरकारने रुपये घाईघाईने परत घेतले आणि सोंड लांब करून नवे पाडले. वडिलांनी मात्र एक ठेवून घेतला होता.

"सरकारचीही चूक होते," ते म्हणाले, "आणि ती चांदीवर छापून येते तेव्हा जपून ठेवावी."

त्या दिवसापासून मला नाद लागला. धक्क्यावर येणाऱ्या खलाशांना वडील माझ्यासाठी विचारत. कोणी महायुद्ध संपल्यावर वाटलेला शांततेचा बिल्ला आणून देई, कोणी राणीच्या ज्युबिलीचा, कडा झिजून गेलेला. मी ते चिंचेने घासायची. पुढे एका खलाशाने मला सांगितले की जुन्या धातूला घासू नये, त्याचा काळेपणा हेच त्याचे वय असते. तेव्हापासून फक्त मऊ फडक्याने पुसू लागले. लग्न झाले तेव्हा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सतरा बिल्ले होते आणि तो रुपया.

सासर तळा गावी. घरची भातशेती होती, शिवाय हे गावच्या वाचनालयाचे काम पाहत. डोक्यावर गांधीटोपी, अंगात खादी, सकाळी तास दीड तास सूतकताई. पहिले पंधरा दिवस मी डबा लुगड्यांखाली दडवला. मग भावाला मारलेली ती थाप आठवली आणि मी ह्यांना सरळ सांगितले की माझ्याकडे राजाचे बिल्ले आहेत, सतरा.

ह्यांनी चरखा बाजूला सारला. "तू ते लावतेस का?"

"नाही. नुसती बघते."

"मग बघ. बघायला कोणाची बंदी नाही."

तरी त्यांनी डब्याला कधी हात लावला नाही. सासूबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी तो उघडायला लावला आणि यात चांदीचे किती ते विचारून घेतले. फक्त दोन, असे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

वर्षभरात मिठाची चळवळ आली. गावच्या आठ-दहा जणांबरोबर हे खाडीकाठी जाऊन मीठ करून आले आणि सहा महिन्यांसाठी तुरुंगात गेले. जाताना पत्रकांचा एक गठ्ठा माझ्याकडे देऊन गेले. म्हसळ्याचा एक माणूस येऊन तो नेणार होता. म्हसळा नबाबाच्या संस्थानात, इंग्रजांच्या पोलिसांच्या हद्दीबाहेर; तिथे पत्रके पोचली की पुढची काळजी नव्हती. मी गठ्ठा ट्रंकेच्या तळाशी घातला, त्यावर डबा आणि डब्यावर लुगडी.

म्हसळ्याचा माणूस यायच्या आधी झडती आली. एक फौजदार, दोन शिपाई. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि बूट काढल्याशिवाय आत येऊ देणार नाही म्हणाल्या. फौजदाराने मुकाट्याने बूट काढले. त्याचे मोजे अंगठ्यावर फाटलेले होते. ते पाहून माझी निम्मी भीती गेली.

शिपायाने ट्रंक उघडली, लुगडी बाजूला केली, डबा वर काढला आणि झाकण उघडून ताठ उभा राहिला.

"साहेब, ह्यात तर बादशहाच हाय."

फौजदाराने डब्यात पाहिले, मग माझ्याकडे. हे कोणाचे म्हणून विचारले. मी म्हटले, माझे. नवरा मिठाच्या भानगडीत आणि घरात हे कसे, असे त्याने विचारले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले की साहेब, नवरा वेगळा आणि छंद वेगळा. मग मला थांबताच येईना. ट्रंकेच्या तळाशी काय आहे ते मला ठाऊक होते, म्हणून मी एकेक बिल्ला काढून त्याच्या हातात देत सुटले. हा दरबाराचा, हा शांततेचा, हा राणीचा. आणि शेवटी तो रुपया.

फौजदार खाली बसला. त्या रुपयाविषयी त्याने ऐकले होते, पाहिला कधीच नव्हता. तो उजेडासाठी दारापाशी गेला, डोळे बारीक करून पाहू लागला. मग शिपायाला बोलावून विचारले, हे काय दिसते?

शिपायाने रुपया नाकाजवळ नेला. "आमच्या भातात रोज रानडुकरं येतात साहेब. हे डुक्करच हाय."

फौजदार इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. सासूबाई कोकमाचे सरबत घेऊन आल्या. सरबत पिता पिता तो आपल्या आजोबांच्या नाण्यांविषयी सांगत बसला, ती त्याच्या चुलत्याने कशी विकून टाकली तेही सांगितले. उठताना डबा त्याने स्वतःच ट्रंकेत ठेवला, वर लुगडी सारखी केली आणि झाकण लावले. पंचनाम्यात लिहिले की घरात बादशहाची पदके सापडली, आक्षेपार्ह काही नाही.

ते गेल्यावर आम्ही सासूसुना ट्रंकेवर बसून हसलो. पण तो पंचनामा गावभर झाला. वाचनालयातली मंडळी मला पाहून बोलणे थांबवू लागली. विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली की नवरा तुरुंगात आणि ही राजाला पुजते. मी घरी येऊन रडले. खरे काय ते सांगायचे तर पत्रकांचे सांगावे लागले असते, म्हणून गप्प बसले.

आठवड्याने म्हसळ्याचा माणूस आला. गठ्ठा घेताना मी त्याला झडतीची हकिकत सांगितली. तो पोट धरून हसला. पत्रके हद्दीपार गेल्यावर वाटेतल्या प्रत्येक गावात त्याने ती गोष्ट सांगितली असावी, कारण महिन्याच्या आत ती तळ्याला परत आली, तिखटमीठ लावून. त्यात मी फौजदाराला डुकराला सलाम करायला लावले होते. विहिरीवरच्या त्याच बाईने माझी कळशी उचलून माझ्या कडेवर ठेवली आणि हळूच विचारले, मलाही दाखवाल का तो रुपया?

हे सुटून आले तेव्हा फार वाळले होते, पण डोळ्यांत हसू होते. गोष्ट त्यांना तुरुंगातच कळली होती. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून एक लाकडी पट्टी काढली. त्यावर आकडा कोरलेला होता. कैदी म्हणून गळ्यात बांधायला मिळालेली. बाहेर कशी आणली ते त्यांनी कधीच नीट सांगितले नाही.

"ही पण सरकारनेच दिली आहे," ते म्हणाले. "तुझ्या डब्यात जागा आहे का?"

मी दरबाराच्या पदकाशेजारी ती ठेवली. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि एकेक बिल्ला उलटून पाहत मला प्रश्न विचारले. चरखा तसाच राहिला. मला इतके बरे वाटले की मी त्यांना न विचारता तिसऱ्यांदा चहा टाकला.

पुढे बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षे झाली आणि शाळाशाळांतून पुन्हा बिल्ले वाटले. आमच्या मंडळींनी बहिष्कार पुकारला. मुलांनी बिल्ले घेतले नाहीत तर मास्तरांची नोकरी जायची, लावले तर घरी बोलणी खायची. कोणी म्हणाले विहिरीत टाका. ह्यांनी सभेत सांगितले की विहिरीचे पाणी आपणच पितो, त्यापेक्षा बिल्ला घ्या, लावू नका, आणि आमच्या घरी नेऊन द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरे यायला लागली. मी प्रत्येकाच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. सासूबाई एकट्या वळून पुरेनात, म्हणून हेही लाडू वळायला बसले. संध्याकाळपर्यंत मोठी परात बिल्ल्यांनी भरली. हेडमास्तर घाबरत आले. वाटलेल्या बिल्ल्यांचे काय झाले असे वरून विचारले तर काय लिहू म्हणाले. मी परात दाखवली आणि म्हटले, लिहा की एकही हरवला नाही.

ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे शेवटचे दिवस होते. आमची आरास अजून व्हायची होती. सासूबाईंच्या मनात आले की एवढी चमक घरात आहे तर गौरीपुढे मांडू या. हे म्हणाले, गौरीपुढे बादशहा? सासूबाईंनी त्यांच्याकडे लक्षही दिले नाही.

"तोंडं खाली कर," त्या मला म्हणाल्या. "पाठीवर छान वेल आहे, ती दिसू दे."

आम्ही सगळे बिल्ले उपडे घालून पायऱ्यापायऱ्यांवर नक्षी मांडली, मधे मोगरा आणि कैऱ्यांचे घोस. गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या. हेडमास्तरांची बायकोही आली. तिने एक बिल्ला उचलून उलटा केला, राजाचे तोंड पाहिले, तसाच पुन्हा उपडा ठेवला, आणि मला विचारले की आंब्याची डाळ आणखी थोडी मिळेल का.