महाराज कधी हरत नाहीत

चीनमधल्या आमच्या शान्सी प्रांतात लाल चेहऱ्याच्या महाराजांचं नाव आदरापोटी कुणी तोंडाने घेत नाही. देवळात त्यांची मूर्ती आहे, पण जिवंतपणी ते शेवटची लढाई हरले, बर्फात वेढले गेले आणि शत्रूच्या हातून मेले. तो हरण्याचा खेळ एकदा तरी करायचा, ही आमच्या नाटक मंडळीतल्या दुंग शीलिनची आयुष्यभराची इच्छा. मी त्याचा ढोलवाला, त्यामुळे त्या इच्छेचं रडगाणं माझ्याच नशिबी.

गावोगाव एकच उत्तर: जिंकण्याचा खेळ लावा, आमच्या देवाला हरवता काय? जिंकून जिंकून दुंग विटला होता.

"जिंकायला काय, कुणीही जिंकतं," आंबट शेवया भुरकत तो करवादायचा. "पडावं कसं ते मला येतं. गुरूने तेवढंच मन लावून शिकवलं. आता गुडघे गेल्यावर काय, खाटेवरून पडून दाखवू?"

शेवटी एक गाव वसंतातल्या जत्रेत हरण्याच्या खेळाला कबूल झालं. दुंगने दुपारीच चेहरा रंगवला. लाल रंग चढला की नट महाराज होतो. रंगमंचावर जाईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. उदबत्ती लावून तो गप्प बसला.

तेवढ्यात देवळाचे कारभारी शुए आले आणि त्याच्यापुढे कमरेत वाकले. "महाराज, गावात कुरकुर आहे. देव हरला तर गहू जाईल म्हणतात. आज विजयच होऊ द्या."

"कारभारी, तुम्ही शब्द दिला होता!" मी म्हणालो.

"तुम्ही ढोल बडवा, भाऊ. महाराज काही बोलले का? नाही ना? मग झालं तर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुंगने रंग पुसायच्या तेलाच्या कागदाकडे हात नेला. मी "अरे, नको!" म्हणेपर्यंत त्याने तो उचलून तोंड खसाखसा पुसलं.

"मी बोलतो! पडू द्या मला. एकदाच, कारभारी."

शुए आता ताठ उभे होते. "महाराज होतास तोवर हात जोडले, दुंग. आता तू कोण सांगणारा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी रंगवा."

दुंगचाच चेला महाराज झाला. शत्रूकडे एक शिपाई कमी पडत होता, तो अंगरखा दुंगच्या अंगावर चढवला. मीही मुकाट ढोल वाजवला, पोट आहे ना.

चेल्याने तलवार फिरवली आणि दुंग पडला. असं पडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गाव उभं राहिलं, फटाके फुटले, आणि सगळे महाराजांचा जयजयकार करू लागले.