सीमेच्या अलीकडे काका

काळजी करण्यासारखी जेवढी म्हणून कारणं या जगात आहेत, त्यांतलं एकही माझ्या बायकोच्या काकांनी वाया जाऊ दिलं नाही. पार्सिपनी या आमच्या अमेरिकी गावात त्यांचं घर आमच्यापासून दोन रस्ते सोडून होतं. दोन इंच बर्फाचा अंदाज आला की त्यांचा फोन यायचा, "दूध आहे ना घरात?" विमान संध्याकाळचं असलं तरी काका सकाळचा चहा नेवार्कच्या विमानतळावर घेत. घर सोडताना शेगडीची सगळी बटणं बंद असल्याचा ते मोबाइलवर फोटो काढायचे, म्हणजे वाटेत शंका आली तर बघता यावं. एकदा हायवेवर त्यांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारलं, "अरे, पण हा आजचाच ना?" पुढच्या एक्झिटवरून आम्ही परत फिरलो. शेगडी बंद होती. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या कपाळाला आठ्या नाहीत, ह्यांच्या आठ्यांना कपाळ आहे." काका गेल्या हिवाळ्यात गेले. आता बर्फ पडतो, फोन येत नाही, आणि दूध खरोखरच संपलेलं असतं.

प्रवासात त्यांचा एक नियम होता: कुणीही स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा नाही. "ज्याची पर्स मारली जाते तो आधीच गोंधळलेला असतो. निदान त्याचा पासपोर्ट तरी दुसऱ्याकडे सुखरूप असावा." या तर्कातली फट दाखवायला कुठून सुरुवात करावी हे मला कधी समजलं नाही. त्यामुळे पुण्याला जाताना आम्ही सोलमध्ये दोन दिवस थांबलो, तेव्हा माझ्या मुलीचा, रेवाचा, पासपोर्ट काकांकडे होता, माझा रेवाकडे, काकूंचा माझ्याकडे आणि काकांचा काकूंच्या पर्समध्ये. बायको आधीच पुण्याला पोचली होती. नाहीतर कोष्टक आणखी वाढलं असतं.

सोलला थांबायचा हट्ट काकांचाच होता, आणि तो त्यांनी चाळीस वर्षं पुढे ढकलला होता. आधी ग्रीन कार्ड यायचं होतं म्हणून, मग नोकरी जाईल म्हणून, मग नुसतंच म्हणून. त्यांचे वडील, ज्यांना ते भाऊ म्हणत, लष्करात कारकून होते. कोरियातली लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारतीय सैनिकांची तुकडी तिथल्या सीमेवर गेली, तिच्यात भाऊ होते. काका तेव्हा तीन वर्षांचे. भाऊंनी पुढे त्या दिवसांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. मागे राहिला तो एक फोटो: तंबू, तंबूपुढे भाऊ आणि पाठीमागे तीन बोडक्या टेकड्या. त्या टेकड्या एकदा डोळ्यांनी बघायच्या, एवढंच काकांना हवं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, त्यानंतर पुढच्या खेपेची भाषा कुणी करत नव्हतं.

सीमेच्या सहलीची बस सकाळी सातला होती. काकूंचा गुडघा त्याच पहाटे सुजला. "तुम्ही जा, मी पडून राहते," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांना गोळ्या दिल्या, हॉटेलचा नंबर तीन कागदांवर लिहून दिला, दाराची साखळी लावून-काढून दाखवली. या गडबडीत पर्सची आठवण कुणालाच झाली नाही, मलाही नाही.

तासाभराने बस एका बागेपाशी थांबली. कुंपणाच्या तारांना रंगीत फिती बांधलेल्या होत्या. गाईडबाई हसतमुखाने म्हणाली, पुढच्या पुलावर सैनिक गाडीत चढतील, प्रत्येकाने मूळ पासपोर्ट हातात धरावा. आम्ही तिघांनी आपापल्या पिशव्या उघडल्या. रेवाने माझा पासपोर्ट मला दिला, काकांनी रेवाचा तिला दिला. मी काकूंचा बाहेर काढला आणि तिघेही त्यांच्या फोटोकडे बघत राहिलो.

"काका आजोबा," रेवा हळूच म्हणाली, "युअर्स इज विथ काकू."

काकांनी फोल्डरमधून आपल्या पासपोर्टच्या सहा रंगीत प्रती काढल्या. गाईडबाईने त्या अदबीने दोन्ही हातांत घेतल्या आणि तितक्याच अदबीने परत केल्या. हॉटेलला जाऊन यायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी थांबतो तुमच्याबरोबर."

"वेडा आहेस का? पोरीला एकटी सोडणार त्या बॉर्डरवर? जा. आणि कुठल्या बटणाला हात लावू नका." मग भाऊंचा तो फोटो रेवाच्या हातात देऊन म्हणाले, "रेवाबाई, टेकड्या जुळतात का बघ."

बस निघाली. बागेतल्या बाकापाशी उभे असलेले काका लहान होत गेले. हृदयाच्या गोळ्या माझ्याच खिशात आहेत हे मला पूल ओलांडल्यावर समजलं. पुढचे अडीच तास मी काय पाहिलं ते विचारू नका. वरच्या सज्ज्यावरून उत्तरेचा मुलूख दिसत होता आणि वारा असा होता, की रेवाची बोटं आखडून फोटो दोनदा हातातून सुटला. मी तो छातीशी धरला. समोर टेकड्याच टेकड्या होत्या, आता झाडी चढलेल्या. "बाबा, दे ऑल लुक द सेम," ती रडवेली होऊन म्हणाली.

परतलो तेव्हा काका त्याच जागी उभे होते. बसले नव्हते. "सात मिनिटं उशीर," ते म्हणाले. गोळी घेतली, गाडीत बसले आणि रेवाकडे पाहिलं. तिने मान हलवली. "नाही कळलं, आजोबा. सॉरी."

"असू दे. सत्तर वर्षांत झाडं वाढणारच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, गाईडबाईला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वर थंडी होती का रे? आईनं भाऊंना स्वेटर विणून पाठवला होता. तो पोचलाच नाही म्हणे."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात अजून काखेत होते.

"नाही काका," मी म्हटलं. "चांगलं ऊन पडलं होतं."

"हो? मग ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. धावत्या गाडीत काकांना झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सोल येईपर्यंत वाऱ्याने खिडकीची काच सारखी थडथडत होती. त्यांना ती ऐकू आली नसावी, असं मी अजूनही स्वतःला सांगत असतो.