मुलाखतीच्या सोमवारचं मौन

दर सोमवारी दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, असा नवस मी महादेवाला बोलले होते. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं! त्यातून काय घोळ झाला, ते ऐकाच.

नवस लेकीसाठी होता हो. आमची पल्लवी कायदा शिकते. पालमजवळच्या पारधी वस्तीतल्या बायांना दाखले मिळावेत म्हणून पोरीनं दोन वर्षं तहसीलला खेटे घातले. तेवढी चिकाटी मला देवपूजेतसुद्धा जमली नाही. मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न शिकणाऱ्या तरुणांसाठी परदेशात उन्हाळी फेलोशिप असते, तिचा फॉर्म तिनं भरला. लॅपटॉपवरची मुलाखत आली ती नेमकी सोमवारी.

मी लॅपटॉपशेजारी पल्लवीचा चहा ठेवायला गेले. मुलाखत घेणाऱ्या समितीत एक मराठी मॅडम होत्या. त्यांनी मलाच विचारलं, लेकीला एवढ्या लांब पाठवायला तुम्ही राजी आहात ना? मी हात जोडले, वर देवाकडे बोट केलं, मग ओठांवर ठेवलं. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात दारातून आमचे हे गरजले,

"गप ऱ्हा! एक शब्द काढू नको, सांगून ठेवतो!"

आधी पाळलेले सात सोमवार वाया जाऊ नयेत, एवढीच बिचाऱ्यांची काळजी. मॅडमना ते काय ठाऊक? त्या भराभर लिहायला लागल्या. मानवी हक्कांची समिती, आणि उमेदवाराच्याच घरात बाईला बोलायची बंदी!

आता बोलावं तर नवस मोडतो, न बोलावं तर फेलोशिप जाते.

पल्लवी मात्र शांत. "आईचं व्रत आहे, मॅडम. तिला बोलायचा हक्क आहे, तसा गप्प राहायचाही आहे."

काय बोलली हो पोर! पण मॅडमचा पेन थांबेना. "हे त्यांनी स्वतः ठरवलं कशावरून?"

मी मनात महादेवाची माफी मागितली. "माझ्यावर कुणाची बंदी न्हाई, मॅडम. मीच गप बसले."

तिथं थांबायचं ना? पण सकाळपासूनचं साठलेलं! वस्ती, दाखले, पोरीचे उन्हातले हेलपाटे, लय बोलले. मुलाखतीचा उरलेला सगळा वेळ मीच खाल्ला.

निवड झाली. पत्राच्या शेवटी मॅडमनी एक ओळ मुद्दाम मराठीत लिहिली होती. 'आईंना बोलण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, याची समितीला पुरेपूर खात्री पटली आहे.'

तुमचीही लेक असं काही शिकत असेल, तर तिचं नाव देवाच्या कानावर घालाच. आणि माणसांनी विचारलं, तर त्यांनाही भरभरून सांगा.