सगळ्यांच्या माथी मारलेलं नाव

सल्लागार फोनवर हसला, त्याचा राग मला अजून आहे. मॅनेजर शेडमध्ये ओरडला, त्याचा त्याहून जास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच सकाळच्या आहेत, म्हणून क्रमाने सांगते.

नांदुऱ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटरचं काम पाहते. कापसातून सरकी निघते, रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ काट्यावर चढते. काट्याशेजारच्या टर्मिनलवर लॉट नंबर, गाठ नंबर आणि वजन टाकायचं, की गाठ गोदामात जाते. आमची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी आहे. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागते, माऊस नाही. तिला हसणारे खूप भेटले. पण तिच्यातली एक सोय मला नव्या सिस्टीममध्ये इतकी सुटसुटीत कुठे दिसली नाही, ती म्हणजे लॉजिकल नावं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कचा पत्ता कुठेच लिहिलेला नाही. तिथे नुसतं 'गाठ' असं नाव आहे. हे नाव कुठल्या डिस्कवरच्या कुठल्या फोल्डरकडे बोट दाखवतं, ते 'डिफाइन' या कमांडने ठरतं. एका हंगामात डिस्क बंद पडली, तेव्हा मी सगळा डेटा दुसरीकडे हलवला आणि डिफाइनची एक ओळ बदलली. काट्यावर कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

या कमांडपुढे तिरपी रेघ देऊन ऑप्शन लिहायचा असतो. हे नाव कोणासाठी, ते त्या ऑप्शनने ठरतं. प्रोसेस म्हटलं की फक्त माझ्या पडद्यापुरतं; मी लॉग आऊट केलं की नाव गेलं. ग्रुप म्हटलं की एका गटातल्या सगळ्या लॉगिनना. सिस्टीम म्हटलं की अख्ख्या मशीनला. मशीन शोधताना आधी जवळचं पाहतं, मग लांबचं: प्रोसेसमध्ये नाव सापडलं नाही तर ग्रुपमध्ये, तिथेही नसेल तर सिस्टीममध्ये. आमचं 'गाठ' सिस्टीमला लावलेलं आहे, आणि मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्येही लिहून ठेवलेलं आहे, कारण मशीन बंद पडलं की कमांडने दिलेली सगळी नावं पुसली जातात. इतकं समजलं तरी पुरे.

टर्मिनलजवळच्या भिंतीवर मी नियमांचा कागद चिकटवला आहे. त्यात ठळक नियम असा: जेवायला उठताना प्रोग्रॅम बंद करा, लॉग आऊट करा. आमच्याकडे हे कोणी करत नाही. सकाळी जो पहिला येईल तो लॉगिन करतो आणि पडदा संध्याकाळपर्यंत तसाच उघडा राहतो. गेटवरच्या काट्याचा, गोदामाचा, ऑफिसचा, सगळ्यांचा. विचारलं तर उत्तर तयार असतं, "मॅडम, भायेर गाड्या उभ्या हायेत, पासवर्ड टाकत बसू का?"

नियम पाळणारी एकटी तीच, गाठींच्या काट्यावरची बाई. नवरा मजुरीला जातो. ती गावातल्या विहारात चालणाऱ्या वर्गात टायपिंग शिकली आणि ठेकेदाराकडून आमच्याकडे लागली. डबा उघडण्याआधी लॉग आऊट करायची. हमाल तिला चिडवायचे, "काऊन वो बाई, भाकर खाताना मशीन तुह्या ताटात पाह्यते का?" ती म्हणायची, "तू पाह्यतो ना, म्हणून बंद करतो."

त्या सकाळच्या आदल्या दिवशी पुण्याहून सल्लागार आला होता. नवा अहवाल बनवायचा होता. सगळे कामाला लागल्यावर त्याने खऱ्या फोल्डरची नक्कल केली, ती चाचणीसाठी वेगळ्या जागी ठेवली आणि 'गाठ' हे नाव तिकडे वळवलं. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. रात्री वीज गेली, बॅटरी संपली, मशीन बंद पडलं. सकाळी मी ते सुरू केलं.

थोड्या वेळाने मॅनेजर तक्ता घेऊन शेडमध्ये आला. आदल्या दिवशीच्या दुपारनंतरच्या एकाही गाठीची नोंद नव्हती. गाठी गोदामात होत्या, त्यांच्यावर रंगाने नंबर होते, पण वजन नव्हतं. बाहेर ट्रक भरायला उभा होता. आता लॉट पुन्हा काट्यावर चढवावा लागणार होता.

"दुपारून काय झोपा काढल्या का?" तो सगळ्यांसमोर ओरडला.

"साहेब, म्या सगळ्या टाकल्या. एक-एक गाठ टाकली."

"मंग कुठी गेल्या? गेटवाल्याच्या नोंदी जाग्यावर हायेत, गोदामवाल्याच्या हायेत. तुह्याच कशा उडाल्या? खोटं बोलून राह्यली तू. उद्यापासून येऊ नको, ठेकेदाराले मी सांगतो."

ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमच्या कागदावर लिहेल हाय तसंच केलं. जेवाले उठतानी बंद केलं, आल्यावर उघडलं. मागचे लॉट दिसत होते."

मॅनेजर म्हणाला, "ते बंद-उघड करतानाच घोळ केला असंन."

नियम पाळला हाच तिच्यावर आरोप झाला होता. मी माझ्या खोलीत गेले आणि सल्लागाराला फोन लावला. काल काय काय केलं ते एकेक करून विचारलं. 'गाठ'वर आल्यावर मी विचारलं, "ऑप्शन कुठला दिलात?"

"ग्रुप. मला दोन लॉगिनवरून चाचणी करायची होती ना. प्रत्येक ठिकाणी वेगळं कोण देत बसणार?"

"आमची सगळी लॉगिन त्याच ग्रुपमध्ये आहेत."

"असं होय." तो हसला. "पण मॅडम, तुमच्याकडे दिवसभर कोणी बाहेर पडत नाही, मी बघितलं होतं. उघडी फाइल काही हलत नाही. मध्येच कोण लॉग आऊट करतं?"

"ज्यांना नियम कळतो ते करतात. तुम्ही जाताना नाव काढलंत?"

"राहिलं वाटतं. एवढा एक ऑप्शन तर आहे."

सगळं जागच्या जागी बसलं. बाकीच्यांच्या फाइल सकाळीच खऱ्या जागी उघडलेल्या होत्या, त्या तशाच चालू राहिल्या. हिने जेवणानंतर फाइल नव्याने उघडली तेव्हा मशीनला ग्रुपमधलं नाव आधी सापडलं. समोर आली ती नक्कल. तिच्यात मागचे लॉट जसेच्या तसे होते, मग तिला शंका कशी यावी? रात्री वीज गेली आणि ग्रुपमधलं नाव पुसलं गेलं. सकाळी 'गाठ' पुन्हा खऱ्या फोल्डरकडे पाहू लागलं. मी चाचणीचं फोल्डर उघडलं. दुपारच्या सगळ्या गाठी ओळीने तिथे होत्या, वजनासकट.

त्या नोंदी जागेवर आणल्या आणि मॅनेजरला पडद्यासमोर बसवून दाखवल्या. तो बराच वेळ यादी खाली-वर करत राहिला. मग म्हणाला, "ठीक हाय. सांगा तिले, घरी नको जाऊ म्हणा."

"मी सांगणार नाही. ओरडलात तुम्ही, सांगाही तुम्हीच."

"मॅडम, आता ट्रक भरायचा हाय, तुम्ही हे काय धरून बसल्या?"

"ट्रक भरता येईल. वजनं मिळाली आहेत."

तो निघाला, मी मागोमाग गेले. ती भिंतीशी पिशवी घेऊन उभी होती. हमालांनी हुक खाली ठेवले. मॅनेजर तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मशीनची गलती होती. बस कामाले."

मशीनने सांगितलं तेवढंच केलं होतं. मी बोलणार, इतक्यात ती बोलली.

"मशीननं मले खोटी नव्हतं म्हटलं, साहेब."

एक म्हातारा हमाल तंबाखू मळता मळता म्हणाला, "हाव ना साहेब, तवा त पार सरकीच्या ढिगापर्यंत आवाज गेल्ता. आता काऊन बसला?"

दोघं-तिघं हसले. मॅनेजरचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली नाही.

"बाई खोटं नव्हती बोलली," तो मोठ्याने म्हणाला. "नोंदी तिनं टाकल्या होत्या. पुण्याच्या माणसानं चुकीच्या जागी वळवल्या होत्या. मी बोललो ते चुकलं."

ती लगेच बसली नाही. "ठेकेदाराले फोन केला होता तुम्ही?"

"केला होता."

"मंग त्यालेबी आत्ताच सांगा. हितंच."

त्याने खिशातून मोबाइल काढला. फोन लागेपर्यंत ती पिशवी खांद्यावर घेऊन उभीच राहिली, आणि पलीकडून ठेकेदार "बोला साहेब" म्हणाला तेव्हाच तिने ती खाली ठेवली.